विश्लेषण : सिंदेवाहीतून रेल्वेगाड्या वाढणार; पण थांबणार किती?

गोंदिया ते बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ एप्रिल २०२५ रोजी मंजुरी दिली. खर्च ४ हजार ८१९ कोटी रुपये. पूर्व विदर्भातील धानपट्टा आणि जंगल यांच्यातून जाणाऱ्या या मार्गावर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही हे तालुक्याचे स्थानक आहे. गेली शंभराहून अधिक वर्षे येथून रेल्वे धावते. आधी नॅरोगेज, मग ब्रॉडगेज, मग वीज आणि आता दुसरा रूळ, असा या मार्गाचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर रुळांची ताकद वाढली. मात्र सिंदेवाहीच्या प्रवाशाची सोय त्याच प्रमाणात वाढली का? दुहेरीकरणाने नेमके काय बदलेल आणि काय आपोआप बदलणार नाही? सविस्तर जाणून घेऊ.

सिंदेवाही स्थानकाचे स्थान काय?

गोंदियाहून निघालेली गाडी सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी करत नागभीड जंक्शनला येते. तेथून तळोधी रोड, आलेवाही मागे टाकले की सिंदेवाही लागते. पुढे राजोली, मूल मारोडा, केळझर, चांदा फोर्ट आणि शेवटी बल्लारशाह. सिंदेवाही स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. या रेल्वेचे मुख्यालय छत्तीसगडमधील बिलासपूरला आहे.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. नागपुरात रेल्वेची दोन विभागीय कार्यालये आहेत. एक मध्य रेल्वेचे, दुसरे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्थानके मध्य रेल्वेकडे, तर चांदा फोर्ट, मूल, सिंदेवाही, नागभीड ही दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील प्रवाशांच्या तक्रारी दोन वेगळ्या दारांत जातात. त्यात सिंदेवाही तालुका चंद्रपूर जिल्ह्यात असला तरी लोकसभेसाठी तो गडचिरोली-चिमूर मतदारसंघात मोडतो. म्हणजे जिल्हा एक, मतदारसंघ दुसऱ्या नावाचा आणि रेल्वेचे मुख्यालय दुसऱ्या राज्यात.

स्थानकाचा इंग्रजी आद्याक्षरांचा संकेत ‘एसवायई’ असा आहे. हीच अक्षरे धान उत्पादकांच्याही ओळखीची आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र सिंदेवाहीत आहे आणि तेथे तयार झालेल्या धानाच्या काही वाणांच्या नावापुढे ‘एसवायई’ लागते.

येथे रेल्वे कधी आली?

ब्रिटिश काळात या भागात रेल्वे आणली ती बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने. कंपनीची स्थापना १८८७ची. हावड्याकडे जाणारा मुख्य ब्रॉडगेज मार्ग उभा केल्यानंतर कंपनीने सातपुडा आणि वैनगंगेच्या खोऱ्यात नॅरोगेजचे जाळे विणले. त्यातील गोंदिया-नागभीड आणि नागभीड-नागपूर हे मार्ग १९०८ मध्ये सुरू झाले. नागभीडहून दक्षिणेकडे सिंदेवाही, राजोली, मूल असे करत हा मार्ग १९१३ मध्ये चांद्यापर्यंत पोहोचला.

चांद्यात त्याआधीच दुसऱ्या कंपनीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी वर्ध्याकडून आली होती. त्यामुळे शहराला दोन स्थानके मिळाली. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले आणि एका स्थानकाचे नावही बदलले. दुसऱ्या स्थानकाने मात्र ‘चांदा फोर्ट’ हे जुने नाव टिकवून ठेवले. एकाच शहरात दोन रेल्वे विभाग का, याचे मूळ या दोन कंपन्यांत आहे.

१९४४ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. १९५५ मध्ये हा भाग दक्षिण पूर्व रेल्वेत गेला आणि २००३ मध्ये त्यातून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे वेगळी झाली.

‘छोटी लाईन’ का टाकली होती?

ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर असते. सिंदेवाहीतून जाणाऱ्या नॅरोगेजमध्ये ते ७६२ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. रूळ हलके, पूल अरुंद, इंजिन लहान आणि वळणे अधिक तीव्र घेता येत असल्याने डोंगर फोडण्याचा किंवा भराव टाकण्याचा खर्च कमी. वर्दळ कमी असलेल्या जंगली मुलखात कंपनीला हा सौदा परवडणारा होता. लाकूड, बांबू, धान यांची ने-आण आणि सोबत प्रवासी, असा हा व्यवहार. लोकांनी या गाडीला ‘छोटी लाईन’ असे सोपे नाव दिले.

स्वस्तात टाकलेल्या मार्गाची किंमत नंतर मोजावी लागली. नॅरोगेजचे डबे ब्रॉडगेजवर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे माल गोंदियात उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत पुन्हा भरायचा, असा दुप्पट खटाटोप. प्रवाशांनाही मोठ्या गाडीसाठी गोंदिया किंवा नागपुरात बदल करावा लागे. वेग कमी, वाहून नेण्याची क्षमता कमी. ट्रक आणि एसटी वाढल्यावर ही गाडी मागे पडणे अपरिहार्य होते.

ब्रॉडगेजमुळे काय बदलले?

१९९०च्या दशकात गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट मार्गाचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. मार्गाचे स्वरूप बदलले ते येथे. तोवर ही जंगलातली शाखा होती. ब्रॉडगेज झाल्यावर ती दोन मोठ्या मार्गांना जोडणारी आडवी कडी बनली. गोंदियाला हावडा-मुंबई मार्ग, बल्लारशाहला दिल्ली-चेन्नई मार्ग.

नकाशा पाहिला की याचे महत्त्व कळते. छत्तीसगडहून तेलंगण, आंध्र किंवा तमिळनाडूकडे जाणारी गाडी पूर्वी गोंदियाहून नागपूर आणि तेथून वर्धामार्गे बल्लारशाहला येत असे. हे अंतर साधारण ३४० किलोमीटर. नागभीडमार्गे तेच अंतर २४० किलोमीटर. सुमारे १०० किलोमीटरची बचत आणि नागपूरच्या गर्दीतून सुटका.

त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या या मार्गावर आल्या. कोरबा-यशवंतपूर वैनगंगा एक्स्प्रेस हे त्यातले ठळक नाव. ती ज्या नदीच्या नावाने धावते, ती वैनगंगा वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधे ओलांडते. पुढे जबलपूर-गोंदिया मार्गही ब्रॉडगेज झाला आणि जबलपूर-चांदा फोर्ट एक्स्प्रेस सुरू झाली. मार्गाचे विद्युतीकरणही झाले. मात्र सर्वाधिक फायदा झाला तो मालवाहतुकीचा. कोळसा, सिमेंट, पोलाद, धान्य यांच्या मालगाड्यांना दक्षिणेकडे जाण्यासाठी जवळची वाट मिळाली.

मग पॅसेंजर गाडी रखडते का?

कारण रूळ एकच आहे. एकेरी मार्गाचा मूळ नियम साधा आहे : दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी. सिंदेवाहीहून गाडी सोडायची तर पुढच्या स्थानकाकडून ‘लाईन क्लिअर’ मिळायला हवे. समोरून गाडी येत असेल, तर ती स्थानकात येईपर्यंत थांबायचे. थांबण्यासाठी स्थानकात मुख्य रुळाच्या बाजूला जो जादा रूळ असतो, त्याला लूप म्हणतात. अशा भेटीला रेल्वेच्या भाषेत ‘क्रॉसिंग’.

उदाहरणाने हिशेब करू. समजा दोन स्थानकांत १० किलोमीटर अंतर आहे आणि मालगाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर. पट्टा पार करायला १५ मिनिटे. सिग्नल, परवानगी, रूळ बदल यासाठी आणखी ५ मिनिटे धरली तर एका गाडीमागे २० मिनिटे गेली. म्हणजे तासाला तीन गाड्या, त्याही दोन्ही दिशा मिळून. दिवसाला कागदावर ७२. त्यातून रूळ दुरुस्तीचा वेळ वजा करायचा. शिवाय मार्गावरचा सर्वांत लांब पट्टा सगळ्यांची क्षमता ठरवतो, कारण गाड्यांची रांग तेथे अडते.

रुळावर जागा कमी पडली की प्राधान्याचा प्रश्न येतो. एक्स्प्रेस वेळेवर काढायची असते. लांबलचक मालगाडी एकदा थांबवली की पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो आणि प्रत्येक लूपमध्ये ती मावतेच असे नाही. उरते ती प्रत्येक स्थानकावर थांबणारी पॅसेंजर किंवा मेमू. लूपमध्ये उभे राहण्याची पाळी बहुतेक वेळा तिच्यावर येते. हा कुणा एका स्टेशन मास्तरचा दोष नाही. एका रुळाचे गणितच तसे आहे.

या दिरंगाईचा फटका कोणाला बसतो? महाविद्यालयासाठी ब्रह्मपुरीला, उपचारासाठी किंवा कचेरीच्या कामासाठी चंद्रपूरला जाणाऱ्यांना. साध्या पॅसेंजरचे किमान भाडे १० रुपये आहे. एसटीच्या तुलनेत ही मोठी बचत. पण परतीची गाडी कधी येईल याचा भरवसा नसेल, तर रोजंदारी बुडवून निघालेला माणूस स्वस्त तिकीट सोडून बसच पकडतो. गाडीतील गर्दी कमी होते आणि मग ‘प्रवासीच नाहीत’ हे कारण पुढे येते.

करोना काळात याची चुणूक दिसली. मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या बंद झाल्या. नंतर पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ नावाने परतल्या आणि किमान भाडे १० वरून ३० रुपयांवर गेले. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. छोट्या स्थानकांवर अवलंबून असलेल्यांसाठी ही तिप्पट वाढ होती.

दुहेरीकरणात नेमके काय होणार?

केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र, ओडिशा आणि छत्तीसगडमधील चार प्रकल्प एकत्र मंजूर केले. एकूण खर्च १८ हजार ६५८ कोटी. गोंदिया-बल्लारशाह दुहेरीकरण त्यांपैकी एक. हे प्रकल्प २०३०-३१पर्यंत पूर्ण करण्याचे लक्ष्य आहे.

दुसरा रूळ आला की जाणारी आणि येणारी गाडी आपापल्या रुळावरून धावेल. समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणे संपेल. वरच्या उदाहरणातील २० मिनिटांचा पट्टा दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे मिळेल, म्हणजे क्षमता किमान दुप्पट. सिग्नल यंत्रणा सुधारली तर त्याहून जास्त.

पण एक गोष्ट येथेच स्पष्ट करायला हवी. दुहेरीकरणाने गाड्या ‘चालवता’ येतात, त्या ‘थांबतील’ असे नाही. सरकारी निवेदनात या प्रकल्पांचा भर कोळसा, लोहखनिज आणि इतर खनिजांची वाहतूक सुलभ करण्यावर आहे. वाढलेली क्षमता मालगाड्यांनीच भरली, तर सिंदेवाहीच्या फलाटावरून दुप्पट गाड्या धडधडत जातील आणि वेळापत्रक तेच राहील. नॅरोगेज गेली तेव्हा मार्गाचा दर्जा वाढला. दुसरा रूळ आल्यावर प्रवाशांचा वाटा किती, हे वेळापत्रक आखताना ठरेल.

नागपूरची थेट वाट का अडली?

सिंदेवाहीकरांसाठी दुहेरीकरणाइतकाच महत्त्वाचा प्रकल्प नागभीडहून सुरू होतो. नागभीड-इतवारी हा सुमारे १०६ किलोमीटरचा मार्ग उमरेड, भिवापूर करत नागपूरला जातो. १९०८ची ही नॅरोगेज गाडी गेज परिवर्तनासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आली. काम महाराष्ट्र रेल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडे, म्हणजे ‘महारेल’कडे देण्यात आले.

सिंदेवाहीहून नागपूरला रेल्वेने जायचे तर हीच जवळची वाट. ती नसेल तर गोंदिया किंवा बल्लारशाहचा मोठा वळसा. काम रखडत गेले त्यामागे एक कारण जंगलाचे आहे. या मार्गाचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आणि ताडोबा यांच्यातील वाघांच्या भ्रमणमार्गातून जातो. तेथे रूळ जमिनीवरून न्यायचे की उन्नत, हा वाद झाला. मार्ग पूर्ण झाल्यावर सिंदेवाही, मूलकडच्या गाड्या नागभीडवरून थेट इतवारीला नेता येतील. नागपूरच्या रुग्णालयात तपासणीला जाणाऱ्या रुग्णासाठी याचा अर्थ एकाच दिवसात जाऊन येणे.

याच मार्गाला जोडून गडचिरोलीचाही प्रश्न आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात वडसा (देसाईगंज) हे एकच रेल्वे स्थानक राहिले. वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा नवा मार्ग केंद्र आणि राज्य निम्म्या-निम्म्या खर्चाने उभारत आहेत. तो सुरू झाल्यावर तेथील गाड्याही गोंदिया-बल्लारशाह मार्गावरच येतील. म्हणजे एकेरी रुळावर आणखी भार.

वाघांचे काय?

या मार्गाची दुसरी बाजू वन्यजीवांची आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चांदा फोर्ट-गोंदिया मार्गावर चिचपल्लीच्या जंगलात रेल्वेच्या धडकेत वाघाचे तीन बछडे ठार झाले. ताडोबा, ब्रह्मपुरीचे जंगल, २०१८ मध्ये घोषित झालेले घोडाझरी अभयारण्य आणि पुढे नवेगाव-नागझिरा यांच्या दरम्यान वाघ ये-जा करतात. त्यांची वाट हा रेल्वेमार्ग कापतो.

दुहेरीकरणात धोका दोन कारणांनी वाढतो. ओलांडायची रुंदी वाढते आणि दोन गाड्यांमधला मोकळा वेळ घटतो. एका रुळावरची गाडी टाळणारा प्राणी दुसऱ्या रुळावरच्या गाडीसमोर येऊ शकतो.

यावर उपाय आहेत आणि ते विदर्भातच दिसतात. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंच परिसरात रस्ता उंचावून खाली वन्यप्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवण्यात आले. त्यांतून वाघांसह अनेक प्राणी जात असल्याचे कॅमेरा ट्रॅपमध्ये नोंदले गेले. रेल्वेसाठीही भुयारी मार्ग, मोठे पूल, वळणांवर दृश्यमानता, रात्रीची वेगमर्यादा असे पर्याय आहेत. फरक एवढाच की आराखड्यात ते आधी धरले तर खर्च आटोक्यात राहतो. भराव टाकून झाल्यावर ते बसवणे महाग आणि अवघड. काम लांबणीवर पडू नये असे वाटणाऱ्या प्रवाशांच्याही हिताचेच हे आहे. नागभीड-इतवारीचा अनुभव ताजा आहे.

एक्स्प्रेसला थांबा कसा मिळतो?

थांब्याचा निर्णय रेल्वे बोर्डाच्या पातळीवर होतो. प्रस्ताव विभाग आणि क्षेत्रीय रेल्वेकडून जातो. थांबा बहुतेक वेळा आधी प्रायोगिक तत्त्वावर दिला जातो आणि त्या काळात तेथून किती तिकिटे विकली गेली, किती उत्पन्न आले, हे पाहून तो पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरते.

येथे प्रवाशांचा थेट संबंध येतो. सिंदेवाहीचा माणूस दुसऱ्या स्थानकावर जाऊन गाडी पकडतो आणि तिकीटही तेथूनच काढतो. ते उत्पन्न त्या स्थानकाच्या खात्यात जमा होते. कागदावर सिंदेवाहीची मागणी शून्यच दिसते. ज्या गाडीला थांबा आहे तिचे तिकीट सिंदेवाहीपासून काढणे, विनातिकीट प्रवास टाळणे आणि मासिक पास वापरणे, या साध्या गोष्टी निवेदनाइतक्याच मोलाच्या ठरतात.

स्थानकांच्या सुधारणेतही असाच प्राधान्यक्रम दिसतो. अमृत भारत योजनेत या मार्गावरील चांदा फोर्ट, वडसा आणि गोंदियाचा समावेश झाला. चांदा फोर्टच्या नूतनीकरणाचे लोकार्पण २२ मे २०२५ रोजी झाले. लहान स्थानकांसाठी गरजा याहून साध्या आहेत : पूर्ण लांबीचा फलाट, शेड, पिण्याचे पाणी, रात्री पुरेसा उजेड आणि रूळ न ओलांडता पलीकडे जाण्यासाठी पादचारी पूल. दुहेरीकरणात स्थानकाची रचना नव्याने आखली जाते. या सोयी मागण्याची वेळ तीच.

प्रवाशांनी काय करावे?

गाडीची वेळ आणि सध्याचे ठिकाण पाहण्यासाठी रेल्वेची राष्ट्रीय गाडी चौकशी प्रणाली वापरता येते. शोधताना ‘एसवायई’ हा संकेत टाकल्यास स्थानक चटकन सापडते. जुलै २०२५ पासून ‘रेलवन’ ॲपवर अनारक्षित तिकीट, आरक्षण आणि तक्रार अशा सेवा एकत्र आहेत. चौकशी व तक्रारीसाठी १३९ हा क्रमांक आहे. स्थानकातील सोयी आणि थांब्याचे निवेदन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर येथील विभागीय व्यवस्थापकांच्या नावे द्यावे. मध्य रेल्वेच्या कार्यालयात दिलेला अर्ज चुकीच्या टेबलावर पडतो आणि महिने वाया जातात.

पुढे कशाकडे लक्ष ठेवायचे?

तीन गोष्टींकडे. पहिली, नागभीड-इतवारी मार्गावर गाड्या आखताना त्या नागभीडलाच संपवतात की सिंदेवाही, मूलमार्गे चांदा फोर्टपर्यंत नेतात. दुसरी, दुहेरीकरणाच्या आराखड्यात वन्यजीवांसाठीचे मार्ग आणि लहान स्थानकांचे फलाट, पूल किती धरले जातात. तिसरी, दुसरा रूळ सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वेळापत्रकात सकाळ-संध्याकाळच्या मेमू फेऱ्या वाढतात का. सकाळी निघून कामे उरकून संध्याकाळी घरी पोहोचवणारी गाडी मिळाली, तर ४ हजार ८१९ कोटींतला सिंदेवाहीचा वाटा पदरात पडला असे म्हणता येईल.